दोन धाग्यांचं भेदरं

मेहकरहून जानेफळला जाणाऱ्या बसमध्ये शेजारच्या बाईने माझ्या डोक्यावरचा रुमाल सरकलेला पाहिला आणि खालची रेघही पाहिली. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, केसांच्या आतून गेलेली. तिच्या भावाच्या डोक्यात गाठ निघाली होती आणि ऑपरेशन ठरलं होतं. तिने माझा हात धरून विचारलं, "बाई, मंग सारं पह्यल्यासारखं होते ना?" त्याच क्षणी कंडक्टर म्हणाला, "मावशी, तिकीट." मी दोघांच्या मध्ये अडकले. तिच्याकडे बघून पिशवीत हात घातला आणि कंडक्टरकडे बघून म्हणाले, "गाठ." कंडक्टर हसला. ती बाई हसली नाही, पण तिचा थांबा आला आणि ती उतरून गेली. तिला द्यायचं राहिलेलं उत्तर मी इथे देते आहे. तिच्यापर्यंत ते पोचेल की नाही, माहीत नाही.

मी लिहिणारी बाई नाही. मी बोलते आणि माझी मुलगी पल्लवी टाइप करते. मध्ये काही विचारायचं नाही, हा आमचा करार आहे, आणि तो ती दर पाच मिनिटांनी मोडते.

हात

आमचं काम भेदऱ्याच्या बियाण्याचं. (पल्लवी म्हणते, टोमॅटो म्हण, बाहेरच्यांना कळायचं नाही. आमच्याकडे टोमॅटोला भेदरं म्हणतात, आता कळलं.) शेतात जाळीचा मांडव आहे, त्याला शेडनेट म्हणतात. आत एका बाजूला नर झाडं आणि बाकी सगळी मादी. मादी झाडाची कळी उमलायच्या आदल्या दिवशी दुपारनंतर चिमट्याने सोलायची, आतले पुंकेसर काढून टाकायचे आणि देठाला त्या दिवसाच्या रंगाचा धागा बांधायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडाच्या फुलांची पावडर, म्हणजे पराग, बोटातल्या अंगठीच्या खोबणीत भरायची आणि फक्त काल सोललेल्या कळ्यांना लावायची. धागे तीन रंगांचे, लाल, पिवळा, पांढरा, आणि रंग रोज बदलतो. म्हणजे सकाळी झाडासमोर उभं राहिलं की तिन्ही रंग एकदम डोळ्यांत येतात, पण हात एकाच रंगाकडे गेला पाहिजे. न सोललेल्या कळीला चुकून धागा बांधला, तर तिच्यात घरचेच, तिचे स्वतःचेच पराग धरतात. फळ दिसायला तसंच असतं, बी मात्र खोटं. अशी थोडी फळं जरी मिसळली तरी बियाणं घेणाऱ्या कंपनीच्या तपासणीत अख्खा लॉट नापास होतो, सगळ्यांची मेहनत पाण्यात.

या कामात माझा हात धरणारी बाई आमच्या भागात नव्हती. फुशारकी वाटेल, पण खरं आहे. माझी धाकटी जाऊ मंगल माझ्याच हाताखाली शिकली. गावातल्या कितीतरी बायका शिकल्या. कोणाचा हात चुकला की मी म्हणायची, "डोळे घरी ठेवून आली का वं?" माझी जीभ पहिल्यापासून तिखट. आणि मला काम करताना गायला लागायचं. हळदीच्या दिवशी म्हणतात ती गाणी. तोंडात गाणं, कानावर मंगलच्या माहेरच्या भानगडी, आणि हात आपला पिवळ्या धाग्यावरून पिवळ्या धाग्यावर. इतकं सगळं एकदम चालायचं आणि ते चालवणारं आत कोणी आहे, हे माझ्या गावीही नव्हतं.

सुरुवात

पहिल्यांदा भाजीत दोनदा मीठ पडलं, ते हसण्यावारी गेलं. मग एकदा शेताच्या रस्त्यावर हे, म्हणजे पल्लवीचे बाबा, एका बाजूने हाका मारत होते आणि दुसऱ्या बाजूने ट्रॅक्टरवाला भोंगा वाजवत होता. मी मधोमध उभी राहिले. हाक ऐकू येत होती, भोंगाही ऐकू येत होता. कोणाचं ऐकायचं, एवढंच ठरेना. मंगलने दंडाला धरून ओढलं तेव्हा मी बाजूला झाले.

मग धागे चुकायला लागले. काल लाल धाग्यांना पावडर लावून झाली, आज पिवळ्यांना लावायची, हे मला पक्कं ठाऊक असायचं. तोंडाने मी "पिवळा, पिवळा" म्हणत असायची. हात मात्र लालकडे जायचा. कालच्या सवयीने, वेसण तुटलेल्या बैलासारखा. यांच्या लक्षात आलं तेव्हा हे चिडून म्हणाले, "डोळे घरी ठेवून आली का वं?" माझंच वाक्य. मंगलने खाली मान घातली. मला तेव्हा राग आला होता. आज वाटतं, तेवढ्यावर भागलं असतं तर किती बरं होतं.

डोकं दुखायचं, ते मी उन्हावर ढकललं. एका सकाळी नेटमध्येच पडले. शुद्धीवर आले तेव्हा बोटातली अंगठी मंगलच्या मुठीत होती आणि ती रडत होती.

कार्ड

बुलढाण्याच्या डॉक्टरांनी संभाजीनगरला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढायच्या आधी माझ्यासमोर एक कार्ड ठेवलं. त्यावर रंगांची नावं लिहिलेली होती, पण वेगळ्याच रंगात. "लाल" हा शब्द हिरव्या शाईत, "हिरवा" हा पिवळ्या शाईत. डॉक्टर म्हणाले, "शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा." पोरखेळ वाटला. मी जन्मभर रंगच निवडत आले होते.

मी म्हणाले, "लाल."

"शाई कोणती आहे?"

"हिरवी. दिसते ना."

"मग सांगा."

"लाल."

पुन्हा केलं, पुन्हा तेच. मला चूक दिसत होती, तोंडातून निघायच्या आधीच दिसत होती, आणि तरी निघत होती. हे शेजारी बसून ओठांनी "हिरवा, हिरवा" करत होते. डॉक्टरांनी त्यांना बाहेर बसायला सांगितलं. मला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं.

फोटोत कपाळामागे गाठ दिसली. हे म्हणाले, "क्यान्सर हाये का?" डॉक्टर म्हणाले, "नाही. साधी गाठ आहे, पण काढावी लागेल." मग यांनी विचारलं, "म्हंजे डोकं तं चांगलं हाये ना हिचं?"

डॉक्टर शांत माणूस होते. म्हणाले, "घरात दोघं एकदम बोलायला लागले की कोणीतरी एकाला 'तू थांब' म्हणतं. तसं म्हणणारी एक जागा आपल्या कपाळामागे असते. डोळा एक सांगतो, सवय दुसरंच सांगते, आणि कोणाचं ऐकायचं ते ती जागा ठरवते. गाठ नेमकी तिथे बसली आहे. यांना कळतं सगळं. कळलेलं हातापर्यंत पोचत नाही."

मी विचारलं, "गाठ काढली की माझा हात परत येईल?"

ते म्हणाले, "किती येईल, ते आत्ता सांगता येत नाही."

बाहेर आल्यावर फोन सुरू झाले. एक म्हणे ऑपरेशन अजिबात करू नका, एकाला झाडपाल्याने गाठ विरघळवणारा माणूस माहीत होता, माझ्या भावाने कसलासा व्हिडिओ पाठवला. यांनी फोन बंद करून खिशात टाकला, चहाच्या टपरीवर गेले आणि माझ्याकडे पाठ करून बराच वेळ उभे राहिले. चहा आणला तो गार झाला होता. मी तसाच पिऊन टाकला.

वॉर्ड

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी न्हाव्याने डोकं भादरलं. केस पडताना मी न्हाव्याचा हात बघत होते. झाडणाऱ्या बाईने केस एका कोपऱ्यात लोटले आणि ती कोणाशी तरी जेवणाचं बोलत बोलत माझे केस घेऊन गेली, तेव्हा मला पोटातून रडू फुटलं. मरायची भीती वाटत होती, ती सगळ्यांनाच वाटते. मला दुसरीही वाटत होती. मी जगेन आणि हात जाईल, ही.

शुद्धीवर आल्यावर सगळ्यात मोठा त्रास दुखण्याचा नव्हता, आवाजांचा होता. सलाइनचं यंत्र टुकटुक करायचं, शेजारच्या खाटेवरचे नातेवाईक बोलायचे, बाहेर ट्रॉलीची चाकं, नर्सचं "उठा, गोळी घ्या." निरोगी माणूस यातलं एक ऐकतो आणि बाकीचं सोडून देतो. मला काहीच सोडता येत नव्हतं. सगळं सारख्याच जोराने आत यायचं. पहाटे रक्त काढायला यायचे, मग चहा, मग झाडपूस, मग डॉक्टरांची फेरी आणि त्यांच्या मागे शिकणाऱ्या पोरांचा घोळका, सगळे एकदम बोलणारे. मी डोळे मिटून घ्यायची.

शेजारच्या खाटेवर शबाना आपांचे मालक होते, मोटरसायकलवरून पडलेले. आपा संग्रामपूरकडच्या. त्यांनी मला दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी वॉर्डात कायदाच लावला. घोळका आला की म्हणायच्या, "अरे, एक-एक करके बोलो ना! बाईले तरास होते." मोठ्या डॉक्टरांनाही सोडलं नाही. मग माझ्याकडे वाकून म्हणायच्या, "तुम्ही फकत माह्याकडे पाहा. बाकी लोकायले बोलू द्या." मी त्यांच्या नाकातल्या चमकीकडे बघायची आणि बाकीचं हळूहळू मागे सरायचं. तुमच्या घरातलं कोणी अशा वॉर्डात असेल तर एवढंच करा. एका वेळी एकच जण बोला, आणि समोर बसून बोला.

त्यांचे मालक माझ्या आधी गेले. म्हणजे वारले. आपा सामान गोळा करताना मी काहीतरी बोलायला हवं होतं. पण त्याच वेळी नर्स चादर बदलायला आली आणि "तिकडे सरका" म्हणाली, आणि मी सरकले. एवढंच करू शकले. आपांनी जाताना माझ्या पायावर हात ठेवला.

मुकं घर

घरी आले तेव्हा पल्लवीची बारावी चालू होती. ती मोठ्याने वाचायची, बाजूला मिक्सर, दारात भाजीवाला. एके दिवशी पल्लवी आणि हे एकदम काहीतरी सांगायला लागले आणि मी हातातली परात भिंतीवर फेकली. पल्लवीने पुस्तक मिटलं. त्या दिवसापासून ती मंगलच्या घरी अभ्यासाला जायला लागली. टीव्ही बंद, मिक्सर मी आंघोळीला गेले की. हे आत यायच्या आधी दारात थांबून अंदाज घ्यायचे. आमच्या घरात सगळ्यांचा आवाज चढा. ते घर माझ्यासाठी मुकं झालं, आणि त्या शांततेत मला कळायचं की आपण या लोकांना काय करून ठेवलं आहे.

एकदा पल्लवी म्हणाली, "आई, तू पहिले मले ओरडायची नं, तसं ओरड एकदा." मला ओरडताही येईना.

(पल्लवी टाइप करायची थांबली आहे. पाणी प्यायला गेली.)

माझी ओळ

पुढच्या हंगामात हे म्हणाले, "चाल नेटमध्ये." मला वाटलं नुसतं बसायला. यांनी दाराजवळची, अगदी कडेची ओळ दाखवली. "ही ओळ तुही. दुसरं कोणी हात लावणार नाई."

तेवढ्या शब्दांनी मी जिवंत झाले. त्या दिवशी दुपारी चिमटा हातात घेतला तेव्हा बोटं कळी सोलायचं विसरली नव्हती. मी गायला लागले. कधी सुरुवात केली ते मलाच कळलं नाही. मंगल पलीकडून म्हणाली, "ताई, तुम्ही गाऊन राह्यल्या तं भाऊजी पानी सोडाचं सोडून आयकत उभे हायेत." मी जाळीतून पाहिलं. हे हातात नळी घेऊन उभे होते आणि पाणी त्यांच्या पायावर पडत होतं.

पण गाणं चालू असलं की हात चुकायचा. दोन्ही एकदम चालवणारं कपाळामागचं माणूस आता नव्हतं. काल धागा बांधलेल्या कळीला मी आज पुन्हा दुसरा बांधायची, कधी न सोलताच बांधायची. माझं मलाच दिसायचं. मग मी उपाय काढला. सकाळी ज्या रंगाच्या कळ्यांना पावडर लावायची, त्या रंगाचा धागा मनगटाला बांधायचा. दर कळीपाशी मनगट बघायचं, तोंडाने "थांब" म्हणायचं, मगच हात लावायचा. आणि गाणं बंद. मंगलच्या गप्पाही बंद. काम गोगलगायीच्या चालीने व्हायचं, पण व्हायचं. चुका कमी झाल्या, हे मी शपथेवर सांगते.

यांनी एक-दोनदा विचारलं, "आज काऊन गाऊन नाई राह्यली?" मी म्हणाले, "गाणं का हात, दोन्हीतून एक होते." हे नळी घेऊन पुढे गेले.

मला गाणं नको होतं, हात हवा होता. माझ्या ओळीतली फळं लॉटात जातील, त्यांचं बी कुठल्या तरी लांबच्या शेतात पेरलं जाईल, तेव्हा मी पुन्हा माणसांत येईन, असं मी मनाशी धरलं होतं.

पाटी

हा भाग मी पल्लवीला टाइप करायला दिला नाही. स्वतः लिहिला, कागदावर, वेळ लागला.

फळं पिकायला लागली, तरी शेवटच्या कळ्यांचं काम चालू होतं. पिकलेली फळं तोडून क्रेटमध्ये भरायची, मग ठेचून बी धुऊन काढायचं. धागा बांधलेलं फळ आमच्याकडे कधी चुलीपर्यंत येत नाही. ते बियाण्याचं, त्याला कोणी दात लावत नाही. पोरांनासुद्धा हे शिकवावं लागत नाही. खायची भेदरं मंगल पाटीत घेऊन यायची, म्हणायची, "बांधावरच्या झाडाची हायेत." त्या दिवसांत आम्ही रोजच भेदऱ्याची चटणी खात होतो. भेदरं बरीच निघाली या वर्षी, एवढंच माझ्या मनात आलं.

एका संध्याकाळी मी चटणीसाठी पाटी पुढे ओढली. खालच्या एका भेदऱ्याच्या देठाला धागा होता. लाल. आणि त्याच देठाला दुसरा, पिवळा.

दोन धागे नेटमध्ये दुसरं कोणी बांधत नाही.

मी पाटीतली सगळी फळं एकेक करून पाहिली. बाकीच्यांचे धागे काढलेले होते, पण देठावर त्यांचे वळ होते. मंगलच्या नजरेतून हे एकच सुटलं असावं. म्हणजे माझी सगळी ओळ अशीच घरी येत होती. सुरुवातीची आली असेल, आणि मनगटाला धागा बांधून, "थांब, थांब" म्हणत केलेलीही आली असेल. ओळ कडेची का दिली होती, तेही कळलं, तिची फळं वेगळी काढता यावीत म्हणून. लॉट सांभाळायला हवा होता. यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, आणि असं लपवलंही नसतं, तोंडावर सांगितलं असतं. यांनी धागे काढायला लावले. मंगलने रोज बसून ते काढले असणार, एकेक, मला कळू नये म्हणून.

मी पाटीजवळ बसून राहिले. खूप रडले. बसमधल्या बाई, तुमचं उत्तर हे आहे. नाही होत. पहिल्यासारखं होत नाही. जीव वाचतो, भाऊ घरी येईल, तुम्हाला ओळखेल, जेवेल. पण त्याचं जे त्याला सगळ्यात जास्त येत होतं, ते कदाचित येणार नाही, आणि हे तुमच्या आधी त्याला कळलेलं असेल. त्याला घाई करू नका. आणि त्याच्यापासून काही लपवाल, तर नीट लपवा.

मग मी उठले. दोन्ही धागे सोडवून चुलीत टाकले, भेदरं भाजली, चटणी केली. हे जेवायला बसले. पहिला घास घेऊन म्हणाले, "आज झणझणीत झाली वं." पल्लवीने पुन्हा मागून घेतली. मीही खाल्ली. बी दाताखाली येत होतं.

मी त्यांना काही सांगितलं नाही. हे लिहिलेलं कधीतरी यांच्या हाती पडेल, पडू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मनगटाला पिवळा धागा बांधला, अंगठीत पावडर भरली आणि माझ्या ओळीत जाऊन उभी राहिले. जाळीपलीकडे हे नळी घेऊन चालले होते, मान खाली घालून. मी गळा साफ केला आणि हळदीचं गाणं धरलं, पहिल्या ओळीपासून, मोठ्याने. यांची पावलं थांबली. समोर झाडावर लाल, पिवळा, पांढरा, तिन्ही होते. मनगटावरचा पिवळा मला दिसत होता. हात लालकडे गेला. मी जाऊ दिला.